शनिवारची रिकामी पट्टी

शुक्रवारी दिवे लागायच्या आत मोझेलअक्का सगळ्या सुयांमधला दोरा ओढून काढत. सकाळी मीच ओवून ठेवलेल्या तीस-चाळीस सुया असत. एकेक सुई रिकामी करून त्या लाल फ्लॅनेलच्या तुकड्यात टोचायच्या आणि तुकड्याची घडी घालून डब्यात ठेवायच्या. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, माझं ओवणं त्यांना पसंत नाही. तिसऱ्या शुक्रवारी भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "उद्या शनिवार. दोरा आत राहिला की सुईचं मन कामात राहतं. तिलाही झोपू दे." मग काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर खोबरेल तेल, त्यात वात. डोक्यावर पदर घेऊन, डोळ्यांवर हात ठेवून काहीतरी पुटपुटत. रविवारी सकाळी मी पुन्हा सगळ्या सुया ओवायची.

मी निपाणीकडची, चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन बंगळूरला आले आणि बोम्मसंद्र्याच्या कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला लागले. तिथला सुपरवायझर आवाज चढवून बोलला की माझे हात कापायचे, म्हणून काम सुटलं. बनशंकरीत आमच्याच गल्लीत दोन खोल्यांत अक्का एकट्या राहायच्या आणि कौद्या शिवायच्या. कौदी म्हणजे आपली गोधडीच. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. मला दारात उभी करून त्यांनी एकदाच विचारलं, "मला डोळे पाहिजेत, तुला शांत जागा पाहिजे. सरी, ठीक?" मी मान हलवली. मला बोलावं लागलं नाही, हे मला फार आवडलं.

अक्का कोकणातल्या, रेवदंड्याकडच्या, बेने इस्राएल. म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावं त्यांना शनिवार तेली म्हणत. हे सांगताना अक्कांची मान ताठ व्हायची. नवऱ्याच्या नोकरीपायी त्या बंगळूरला आल्या, तो गेला, मुलगा इस्रायलला स्थायिक झाला. नावावरून गल्लीतले सगळे त्यांना ख्रिस्ती समजायचे. त्या कुणाला दुरुस्त करत नसत. "विचारलं तर सांगीन," म्हणत. "जो विचारत नाही त्याला उत्तर नकोच असतं."

अक्का प्रेमळ होत्या असं लिहिलं तर ते अर्धंच होईल. त्या डूख धरायच्या. शेजारच्या सरोजाने एकदा त्यांचा पाटा नेला आणि कोपरा उडवून परत आणला. वर म्हणाली, पहिल्यापासून असाच होता. अक्कांनी पाटा जागेवर ठेवून दिला. चार वर्षांनी सरोजाच्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिने कौदी शिवायला दिली. अक्कांनी अशी कौदी शिवली की बघत राहावं, आणि शेवटी कात्रीने तिचा एक कोपरा कापून तिथली कड नीट दुमडून शिवून टाकली. सरोजा ओरडली, हे काय झालं? अक्का चष्मा पुसत म्हणाल्या, "पहिल्यापासून असंच होतं." दुसऱ्या दिवशी सरोजा नवा पाटा घेऊन आली.

मी हसले तर मला म्हणाल्या, "शेवंते, राग उतू जाऊ द्यायचा नाही. दूध उतू गेलं की हाती काय, करपल्याचा वास. मंद आचेवर ठेवावं. साय धरते."

केतकी मॅडम आमच्याकडे आली ती पुण्याची. तिचा नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत कंपनीत होता, ती चित्रकार होती. पहिल्या दिवशी तिने आमच्या दाराच्या चौकटीवर तिरकी ठोकलेली लहान नळी बेल समजून दाबली. तीन-चारदा दाबली, वाजेना, मग दार वाजवलं. त्या नळीत अक्कांची प्रार्थना गुंडाळून ठेवलेली होती. अक्का मला म्हणाल्या, "बघ, देवालाच हाका मारतेय." तिला मात्र काही सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. डिसेंबरात ती केक घेऊन आली आणि "मेरी ख्रिसमस, मावशी" म्हणाली. अक्कांनी केक खाल्ला, मलाही दिला.

तिच्या डोक्यात एक मोठी कौदी होती. वर्षभराची. रोज एक बोटभर रुंदीची पट्टी, एका दिवसाला एक. कापड ती देणार, शिवणार आम्ही, आणि लोकांपुढे मांडताना तिचं आणि अक्कांचं मिळून काम म्हणून मांडायचं. अक्कांनी एकच अट घातली. त्यांना टाके त्यांच्या आईने शिकवले होते, कोपऱ्यात तिचं नाव यायला हवं. "माझं नाव नको," त्या म्हणाल्या. "ते रेशनकार्डावर आहे. आईचं कुठेच नाही." मॅडम म्हणाली, "मावशी, प्रॉमिस. आईंचं नाव एकदम फ्रंटला."

वर्षभर आम्ही शिवलं. वरचा टाका अक्कांचा, डोळे माझे, आणि पुढे पुढे अर्ध्या पट्ट्या माझ्याच. शनिवारची पट्टी कोरी सोडायची. अक्कांच्या सणांच्या पट्ट्याही कोऱ्या. मॅडम महिन्यातून एकदा यायची, फोटो काढायची, कधी सुई हातात धरून स्वतःचाही काढून घ्यायची. शेवटच्या दिवशी अक्कांनी कोपऱ्यात लाल दोऱ्याने आईचं नाव घातलं. डोळ्यांना टाका दिसत नव्हता, बोटाने चाचपून चाचपून घातलं. सगळी दुपार गेली त्यात.

कौदी मॅडम घेऊन गेली. दोन महिन्यांनी तिचा फोन आला, फार आनंदात होती. मुंबईची एक संस्था देशभरातल्या कलाकारांना पुरस्कार देते, त्यात तिचं काम शेवटच्या फेरीत आलं होतं. संस्थेची माणसं रविवारी बंगळूरला येऊन काम बघणार होती. "ज्यूइश ऑर्गनायझेशन आहे मावशी. म्हणजे यहुदी लोक. तुम्हाला नसेल माहीत."

"असतील बाई," अक्का म्हणाल्या.

कौदी टांगायला मदत म्हणून मॅडमने मला प्रदर्शनाच्या हॉलवर बोलावलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ती पुरली. मी कोपरा शोधला. तिथे नाव नव्हतं. नावावर निळ्या कापडाचं ठिगळ मशीनने मारलेलं होतं आणि त्यावर मॅडमची इंग्रजी सही भरतकामात. शेजारी भिंतीवर छापील कागद होता. तो मी मोबाईलमध्ये घेऊन अक्कांना दाखवला. त्यांना इंग्रजी वाचता यायचं. त्यांनी भिंग लावून मोठ्याने वाचला आणि मला मराठीत सांगितला. केतकीने हे काम एकटीने, स्वतःच्या हाताने, वर्षभर एकही दिवस न चुकता केलं. टाके तिच्या पणजीचे.

मी म्हणाले, अक्का, उद्या जाऊन ते ठिगळ उसवते. माझ्या तोंडून असं कधी निघालं नव्हतं. अक्का म्हणाल्या, "आपण उसवलं की आपणच चोर दिसू." मी म्हणाले, मग संस्थेला फोन करा, तुम्ही त्यांच्यातल्याच. त्यांनी भिंग पुसून डब्यात ठेवलं. "आपल्या माणसांपुढे रडत गेले तर तेही म्हणतील, आपली म्हणून हात पसरते. नको. त्यांना मोजता येतं."

तेवढ्यात मॅडमचाच फोन आला, माझ्या मोबाईलवर. मधल्या कोऱ्या पट्ट्या अर्धवट दिसतात, शनिवारी येऊन भरून टाकशील का, विचारत होती. मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्या कानात एक वाक्य सांगितलं. बसमध्ये कंडक्टरला थांबा सांगायलाही मी लाजते. पण ते वाक्य मी नीट म्हणाले. "मॅडम, त्या भरू नका. त्या पट्ट्या म्हणजे श्वास आहेत."

तिने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग मॅडम म्हणाली, "ब्यूटिफुल."

अक्कांनी फोन बंद केला आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "साय धरली," म्हणाल्या.

रविवारी आम्ही दोघी हॉलच्या शेवटच्या रांगेत बसलो. अक्कांनी लग्नातली हिरवी साडी नेसली होती. संस्थेची चार माणसं होती, त्यांत सॅम्युअलसाहेब म्हणून एक वयस्क गृहस्थ, डोक्याला लहान टोपी. मॅडमने माईकवर बरंच सांगितलं, इंग्रजीत आणि मध्ये मध्ये मराठीत. रिकाम्या पट्ट्या म्हणजे माझा श्वास, असंही सांगितलं. सॅम्युअलसाहेबांनी मराठीतच विचारलं, "या कोऱ्या पट्ट्या कुठे घ्यायच्या हे कसं ठरवलंत?"

"मनाला येईल तिथे," ती म्हणाली. "टोटली इन्ट्यूटिव्ह."

साहेब उठले. कौदीजवळ गेले आणि बोट लावून मोजायला लागले. सहा भरलेल्या, एक कोरी. सहा भरलेल्या, एक कोरी. पुढे सरकत गेले. एका जागी दोन पट्ट्या लागोपाठ कोऱ्या होत्या. तिथे ते थांबले. त्या दोनांतल्या पहिलीपासून मोजत दहाव्या पट्टीवर आले. तीही कोरी होती. त्यांनी चष्मा काढला.

"हा आमचा नव्याचा सण, वर्षारंभाचे दोन दिवस," ते म्हणाले. "आणि हा दारफाळणीचा. आमच्या उपासाचा दिवस. तुमच्या मनाला आमचं पंचांग कसं आलं, बाई?"

मॅडमने माईक खाली घेतला.

"हे शनिवार पाळणाऱ्या माणसाने शिवलंय. कोणी शिवलं?"

मला वाटलं अक्का आता उठतील. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी मला दाबून बसवलं. हळूच म्हणाल्या, "मी उठणार नाही. हाक तिने मारायची." मॅडमने आमच्याकडे बघितलं, खाली बघितलं. मग ती म्हणाली, "मोझेलमावशींनी."

सगळी डोकी मागे वळली. अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी नुसते हात चालवले. टाके कोणाचे, ते सांग."

मॅडमला ते नाव माहीतच नव्हतं. वर्षभरात तिने विचारलं नव्हतं, आणि कोपऱ्यावर ठिगळ मारायला दिलं तेव्हा खाली काय लिहिलंय हेही वाचलं नव्हतं. अक्का मला म्हणाल्या, "शेवंते, कात्री दे तिला." माझ्या पिशवीत लहान कात्री कायम असते. मी सगळ्या लोकांतून चालत पुढे गेले. या वेळी हात कापले नाहीत. मी कात्री मॅडमच्या हातात दिली आणि तिथेच उभी राहिले. तिने सगळ्यांसमोर स्वतःची सही उसवली. मशीनचा टाका बारीक असतो, वेळ लागतो. मी मदत केली नाही. शेवटी खालचं लाल नाव दिसलं, वाकडंतिकडं, आणि तिने ते वाचलं. "हन्ना."

"मोठ्याने," अक्का म्हणाल्या. "ती रेवदंड्याला पुरलीय, तिला ऐकू जायला पाहिजे."

"हन्ना," मॅडम मोठ्याने म्हणाली.

पुरस्कार पुढे अक्कांना मिळाला. लोक म्हणायला लागले, बाईंना बक्षिसाची हाव नाही, किती साध्या. अक्कांना ते पटायचं नाही. मला म्हणाल्या, "मला बक्षीस नको होतं. तिला मिळू नये, एवढंच हवं होतं. आता दारात आलंय तर कशाला परतवू." पुरस्काराच्या कागदावर त्यांनी हन्नाबाईचं नाव घालून घेतलं आणि खाली माझंही. माझं नाव छापलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या वर्षी दारफाळणीच्या आदल्या दिवशी मॅडम आली. त्या दिवशी एकमेकांची माफी मागतात असं ती कुठेतरी वाचून आली होती. आता वाचायला लागली होती. अक्कांनी तिला चहा दिला. तिने माफी मागितली. अक्का म्हणाल्या, "आमच्यात तीनदा मागावी लागते. एक झाली." उन्हाळ्यात ती परत आली. "दोन," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा चहा दिला.

मग अक्का आजारी पडल्या. त्यांनी पलंग दारासमोर हलवायला लावला. तोंडाने म्हणायच्या नाहीत, पण रिक्षा थांबली की मान उचलायच्या. मी मॅडमला फोन केला, अक्कांना बरं नाही, येऊन जा. ती म्हणाली, एक्झिबिशन आहे, ते संपलं की नक्की. एका गुरुवारी अक्का मला म्हणाल्या, "तिसऱ्यांदा आली आणि मी नसले, तर माफी तू देऊन टाक माझ्या वतीने. साय फार जाड धरली की दूध नासतं." पुढच्या शुक्रवारी सुया रिकाम्या करताना त्यांचा हात थांबला. उरलेल्या मी केल्या. अक्का रविवार सकाळपर्यंत राहिल्या, मग गेल्या.

दफनाच्या प्रार्थनेला दहा यहुदी पुरुष लागतात. एवढ्या मोठ्या बंगळुरात दहा मिळायला दुपार झाली.

मॅडम पंधरा दिवसांनी आली. अक्का अजून आजारी असतील असं समजून फळं घेऊन आली. चौकटीवरच्या नळीला तिने हात लावून कपाळाला लावला, ते मी बघितलं. अक्का गेल्या म्हटल्यावर खूप रडली. मग विचारलं, "शेवंताताई, मावशी माझ्यासाठी काही बोलल्या होत्या का?"

मी तिला चहा दिला. "नाही," म्हणाले.

ती त्यानंतरही येते. दर खेपेला काही ना काही निमित्ताने तेच विचारते, आणि मी तेच सांगते. अक्कांनी दिलेलं माझ्याकडे आहे, सांभाळून ठेवलं आहे, द्यायचं की नाही ते आता माझ्या हातात आहे. त्यांना दोन महिने मान उचलायला लावली तिने. तिच्या खेपा मी मोजते आहे. परवा शुक्रवारी ती आली तेव्हा दिवेलागण होत आली होती. ती बोलत होती. मी डबा पुढे ओढला आणि सुयांमधला दोरा काढायला घेतला.