कुमुदताईंनी न विचारलेला प्रश्न

माझ्या बाबांच्या इंजिनाखाली एक बाई मेली होती.

हे मी इथं कधी लिहिलं नाही. आज लिहितेय, कारण आज पहाटे आमच्या कुमुदताई गेल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाबा रेल्वेत ड्रायव्हर, अजनीला क्वार्टर. मी शाळेत होते.

नरखेडच्या अलीकडे, भर दुपारी, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई रूळ ओलांडत होती. शिटी तिला ऐकूच आली नाही. अगदी शेवटी तिनं मान वर केली आणि बाबांकडे पाहिलं.

मालगाडी काही जागच्या जागी थांबत नाही.

चौकशी झाली. बाबा निर्दोष सुटले.
पण घरी आले ते आमचे बाबा नव्हते.

जेवण सुटलं. समोरून कोणी आलं की दचकून दोन्ही हात तोंडासमोर धरायचे. मी चहा घेऊन गेले तरी.

भेटायला येणारा प्रत्येक जण तेच विचारायचा, "ब्रेक लावला होता नं, शंकरराव?"
आणि बाबा प्रत्येकाला सांगायचे, "लावला होता नं बापा."

अंगारे-धुपारे झाले. मग काका पागलखान्याचं बोलायला लागले. तेव्हा आई उठली आणि बाबांना रिक्षात घालून सक्करदऱ्याला घेऊन गेली. कुमुदताईंकडे.

ताई मनाच्या डॉक्टर. त्या काळात. लोक तोंडावर 'पागलांची डॉक्टर' म्हणायचे. नवरा लवकर गेलेला. घरात त्या आणि मंजू, त्यांची एकुलती एक मुलगी. पुढच्या खोलीत दवाखाना.

पहिल्या दिवशी ताई समोर येऊन बसल्या आणि बाबांचे हात वर गेले.

ताई उठल्या. स्वतःची खुर्ची उचलली आणि बाबांच्या शेजारी ठेवली. दोघंही खिडकीकडे तोंड करून बसले. त्यानंतर त्या बाबांच्या समोर कधीच बसल्या नाहीत.

आईला धीर निघेना. म्हणाली, "बाई, आमच्या लाइनीतल्या एकाले शॉक देले तं तो बरा झाला म्हणते."
ताई म्हणाल्या, "त्याचं दुखणं त्याचं होतं, वहिनी. यांचं अजून मला कळायचं आहे."

ब्रेकचं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

कितीतरी आठवड्यांनी विचारलं, ते वेगळंच.
"शंकरराव, ती दिसायला कशी होती?"

बाबा खिडकीकडेच बघत होते.
"माह्या बहिणीवाणी," म्हणाले. आणि अपघातानंतर पहिल्यांदा रडले. ओक्साबोक्शी.

ताईंनी रडू दिलं. मग हळूच म्हणाल्या, "मग तिचं सुतक पाळलंत का?"

बाबांनी त्या अनोळखी बाईचं सुतक पाळलं. डोकं भादरलं. तेराव्या दिवशी रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर तिच्या नावानं पाणी सोडलं. ताई सोबत आल्या होत्या. ऊन डोक्यावर घेत पायरीवर बसून होत्या.

असलं औषध कुठल्या पुस्तकात असेल असं मला वाटत नाही. ते फक्त माझ्या बाबांसाठी होतं.

बाबा झोपायला लागले. जेवायला लागले. लाइनवर गाडी न्यायला नाही, पण लोकोशेडमध्ये ड्यूटीवर जायला लागले. एकदा तर आईची नक्कल करून हसले. आम्हाला वाटलं, सुटलो.

मग मंजू गेली.
सायकलवरून कॉलेजला जाताना ट्रकखाली आली.

ताईंनी दवाखाना बंद केला. पेशंट यायचे, फाटकातून परत जायचे.

बाबा मात्र परत फिरले नाहीत. दर रविवारी सायकलनं सक्करदऱ्याला जायचे. ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून गुपचूप बसायचे. कधी मीही जायचे.

एकदा बाबा म्हणाले, "ताई, दोन घास खाऊन घ्या नं."
ताई म्हणाल्या, "मला बरं करू नका, शंकरराव. मी बरी झाले तर ती खरंच गेली."

तरी बाबा जातच राहिले.

आणि मग तो रविवार. मी तिथं होते.
ताईंनी खुर्ची फिरवली. बाबांच्या समोर केली. सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"ब्रेक लावला होता का तुम्ही?"

बाबांचे हात वर गेले. हातांमागूनच बोलले, "लावला होता, ताई. गाडी थांबत नाही."

"ट्रक थांबतो," ताई म्हणाल्या.
उठून आत गेल्या. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

परत येताना बाबा सायकलवर बसले नाहीत. हातात धरून चालत राहिले. मला संताप आला होता.

"बाबा, ताईंनी काहून विचारलं असं? त्यांनी?"

"त्या माउलीले बी कोणाले तरी विचाराच होतं वं," बाबा म्हणाले. "ट्रकवाला तं पळून गेला."

त्यानंतर बाबा तिकडे गेले नाहीत. ताईंनीही बोलावलं नाही.

बाबांची झोप पुन्हा गेली. या वेळी शेजारी येऊन बसणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरकडे जायला ते तयार झाले नाहीत. शेवटपर्यंत तसेच राहिले आणि तसेच गेले.

ताईही तशाच. इतकी वर्षं. मी दिवाळीला फराळ घेऊन जायचे. त्या दार उघडायच्या, डबा घ्यायच्या, दार लावायच्या.

यातून काही शिकण्यासारखं आहे का, म्हणून मी खूप शोधलं. मला काही सापडलं नाही.

आज त्यांच्या घरी आठ-दहा माणसं होती. पुतण्याच्या सुनेनं विचारलं, "काकू, तुम्ही कोण?"
"त्यांच्या पेशंटची मुलगी."
ती गोंधळली. "पेशंट? आजी डॉक्टर होत्या?"

होत्या गं.
फार मोठ्या डॉक्टर होत्या.

ताई, माझा नमस्कार घ्या. बाबांचाही.