नवसीने दिल्लीला नेलेला साक्षीदार

हां, तर काल नवसी दिल्लीच्या गाडीत चढली, इथवर आलो होतो. एकटी नव्हे! सोबत तिचा साक्षीदार, म्हातारा दादूमामा, नव्या धोतरात, लग्नाला निघाल्यासारखा.

पाम गावच्या नवसीची भातखाचरं हितेशने गाळे बांधायला कुंपणात घेतली, त्याचा हा दावा. पालघरच्या कोर्टात दादू बोलला, "नवसीच्या सासऱ्यानं बांध घातला, दगड मी वाहिले." तेवढ्यावर नवसी जिंकली. मुंबईला हायकोर्टात हितेशने सगळं उलटवलं. म्हणे, दावाच मुदत टळल्यावर लावलेला. आता उरलं सुप्रीम कोर्ट.

वकीलबाई विजया सांगून सांगून दमल्या. "अगं, तिथं साक्षीदार बोलवत नाहीत. दादू खोटा असं कुणी म्हणतच नाही. हायकोर्ट कायद्यात चुकलं का, एवढंच बघतील."

"बाई, मी जिंकले ती मामाच्या तोंडानं. मुंबईला तुमी त्याला नेला नाय, नि हरलात."

घ्या! बाईंनी दिल्लीच्या वकिलाचा पत्ता लिहून दिला.

गाडीत दादू साक्ष घोकत होता, अख्खा डबा हसत होता. कोर्टाच्या फाटकावर आधार कार्ड मागितलं. दादूचं घरी, पत्र्याच्या पेटीत. मग नवसी एकटीच आत, नि दादू फुटपाथवर, थंडीत कुडकुडत.

नवसी बसायला जागा शोधतेय तोवर नंबर पुकारला. दिल्लीचा वकील दोन वाक्यं बोलला, न्यायमूर्ती इंग्रजीत काहीसं म्हणाले, नि लगेच पुढचा नंबर. नवसीने वकिलाचा कोटच धरला.

"मामाला बोलवा की!"

"हो गया, माताजी. अपील खारिज."

"मग आता ह्याच्या वरचं कोर्ट कुठं हाय?"

तो हसला. "इसके ऊपर कोई नहीं."

परतीच्या वाटेत नवसीने दादूला निकाल सांगितलाच नाही. बोईसरला उतरले, तर हितेश मोटारसायकलला टेकून उभा. त्याला फोनवरून आधीच कळलेलं.

"काय दादूशेठ, लाल किल्ला बघितलात का? नवसीनं फिरवलं की नाय नीट?"

रिक्षावाले खो खो हसले. नवसी गाठोडं उचलून पुढे चालू लागली. त्याला बोलून आता होणार काय होतं? खाचरं त्याची झाली होती.

दादूला मात्र कशाचाच पत्ता नव्हता. धोतर सावरत तो तिच्या मागे आला. "नवसे, माझी पाळी कधी गं? मी अजून बोललोच नाय."

नवसी गर्रकन वळली. तिचे शब्द जसेच्या तसे सांगतो:

"मरा आता तुमी, मामा. तुमचं तोंड कुनाच्याच कामाचं नाय."