वरच्या फळीवरचे मागचे अंक

हेरिटेज म्हणे! आमच्या वेम्बलीच्या घरात, आईच्या सोफ्यावर बसून, म्युझियममधली एक बाई पांढरे हातमोजे घालून नागड्या बायकांच्या मासिकाची पानं उलटत होती. एकेक पान अलगद, चिमटीत धरून. माझ्या आईनं हीच मासिकं वर्षानुवर्षं उघड्या हातांनी फळीवर लावली, तेव्हा तिला कुणी हातमोजे दिले नाहीत. टोमणे मात्र पोटभर दिले.

बाईंना मी बोलावलं होतं ते पाटीसाठी. बाबा गेले होते, आईला मी बेसिंगस्टोकला माझ्याकडे नेणार होते, घर विकायला काढलं होतं. ईलिंग रोडजवळ आमचं पेपर-मासिकांचं दुकान होतं, त्याची जुनी पाटी बाईंना कोपऱ्यावरच्या दुकानांच्या प्रदर्शनासाठी हवी होती. गॅरेजमध्ये पाटीमागे ताडपत्रीखाली खोकी निघाली, आणि बाई पाटी विसरल्याच.

न खपलेले अंक एरवी होलसेलवाला परत न्यायचा. पुढे इंटरनेट आलं, सगळं फुकटात दिसायला लागलं, एकेक मासिक बंद पडलं आणि उरलेले गठ्ठे न्यायला कुणी फिरकेना. रीसायकलिंगच्या डब्यात टाकावेत तर शेजारी बघणार, म्हणून बाबांनी ते गॅरेजमध्ये कोंबले. त्यातच एक खोकं बाजूला ठेवलेल्या अंकांचं होतं. आपल्याकडे गावाला जाताना लोक पेपरवाल्याला सांगून जातात ना, माझा दिवाळी अंक ठेवा हं, तसंच डिसेंबरात पुण्या-मुंबईला जाणारी आपली माणसं बाबांच्या कानाशी लागायची. हो, आपलीच. मराठी मंडळातली. बाबा भिडस्त, ते ठेवायचे, पुढे कुणी न्यायला आलं नाही तरी.

बाई मला इतिहास सांगायला लागल्या. आधी खिशात मावतील अशी कृष्णधवल मासिकं, मग गुळगुळीत रंगीत, मग प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद, शेवटी शेवटी वर चिकटवलेली डीव्हीडी. पोलीस गठ्ठे कसे उचलून न्यायचे, संपादकांनी कसं धाडस दाखवलं. कसलं डोंबलाचं धाडस! मी विचारलं, या फोटोंतल्या पोरींची नावं आहेत का तुमच्याकडे? बाई म्हणाल्या, बहुतेक खोटी नावं छापायचे. म्हणजे संपादकाचं नाव खरं, पोरींचं खोटं, आणि ज्या बाईनं ही मासिकं विकली तिचं नाव तर कुठेच नाही. माझा आवाज चढला होता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, हळू. चहा तरी पिऊ दे त्यांना."

मला राग का होता, ते सांगायलाच हवं. मी तेव्हा शाळकरी होते. आई बुटकी. साडीवर कार्डिगन घालून ती स्टुलावर चढून वरची फळी, पोरांच्या हाती लागू नये ते ठेवायची फळी, लावत होती. हातातला गठ्ठा निसटला, एक अंक तिच्या पायाला लागून खाली पडला. आई खाली उतरली, वाकली, अंकाला हात लावून तो हात कपाळाला लावला. कागदाला पाय लागला की करतो तसाच नमस्कार. पेपर असो, वही असो, तिला कागद म्हणजे सरस्वती. कव्हरवर काय आहे हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. काउंटरपाशी मंडळातल्या एक काकू दुधाची बाटली घेऊन उभ्या होत्या.

रविवारपर्यंत ही गोष्ट सगळ्या मंडळात झाली होती. लोक हसून हसून लोळले. पुढच्याच महिन्यात गणपती होते. नैवेद्याचे उकडीचे मोदक दरवर्षी आई करायची, तिच्यासारखी कळी कुणाला पडत नव्हती. त्या वर्षी ती डबा घेऊन हॉलमध्ये गेली, तर त्याच काकू म्हणाल्या, "वहिनी, नैवेद्याचं आम्ही बघतो हो. तुमचे राहू देत तिकडे किचनमध्ये." तिकडे किचनमध्ये! माझ्या आईच्या हातांना विटाळ, आणि ज्यांनी त्याच हातातून सुटे पैसे घेतले ते पुरुष सोवळं नेसून आरतीला उभे. आई टिलवर, म्हणजे गल्ल्यावर बसायची. कोण पेपरच्या घडीत काय लपवून नेतो, तिला एकेक माहीत होतं. मी रडून रडून सांगितलं, नावं सांग सगळ्यांची. तिनं डबा उचलला, घरी आली, आणि परत कधी मंडळात गेली नाही. नाव एकाचंही घेतलं नाही. त्या गप्प बसण्याचाही मला राग होता, अगदी परवापर्यंत होता.

तर चहा पिता पिता आईनं आपल्या इंग्लिशमध्ये बाईंना हा नमस्काराचा किस्सा स्वतःच सांगून टाकला. बाई भारावल्या. म्हणाल्या, कॅमेऱ्यासमोर पुन्हा कराल? केवढा सुंदर फोटो होईल! मी ताडकन उठले. "बास! एकदा हसले तेवढं पुरे झालं. सगळी खोकी आजच्या आज रद्दीत जातील." पुन्हा एकदा सगळ्या वेम्बलीसमोर आईचं हसं होणार, आणि या वेळी भिंतीवर टांगून.

आईनं मला खाली बसवलं. बाईंना विचारलं, "आमच्या मंडळाची माणसं येतील बघायला?"

"सगळ्यांना बोलावणार आहोत," बाई म्हणाल्या.

"मग काढा फोटो," आई म्हणाली.

उद्घाटनाला लायब्ररीच्या हॉलमध्ये मंडळातले झाडून सगळे आले. काउन्सिलचा माणूस भाषण करणार म्हटल्यावर येणारच ना! पाटीखाली आईचा मोठा फोटो होता, वाकलेली आई, कपाळाला हात. शेजारी काचेखाली अंक. मी दात-ओठ खात उभी होते. आता म्हाताऱ्या झालेल्या त्या काकू काठी टेकत पुढे आल्या. सोबत त्यांचे यजमान, मंडळाचे माजी अध्यक्ष. काकू चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाई बाई, आठवतंय ना? काय हसलो होतो आपण!"

आई मोदकांचा डबा घेऊन आली होती. तिनं झाकण काढलं आणि डबा काकूंपुढे नाही, त्यांच्या यजमानांपुढे धरला.

"घ्या ना भावजी. आणि जाताना आमच्या गॅरेजवरून जा. तुम्ही पुण्याला असतानाचे तुमचे सगळे मागचे अंक ह्यांनी शेवटपर्यंत बाजूला ठेवले होते."

कुणी हसलं नाही. भावजींचा हात डब्यावर तसाच राहिला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि आई डबा घेऊन पुढच्या माणसाकडे वळली.