डाव्या अंगठ्याला कॉशन

किनवटच्या स्टेशनावर मला सोडायला अण्णा ड्यूटीच्या कपड्यांतच आले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, रेल्वेत कीमन. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या वाट्याचे रूळ पायी तपासायचे, रूळ धरून ठेवणारी एखादी चाबी सैल दिसली की ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. त्या दिवशी मला डब्यात बसवून ते खाली उतरले आणि पोरगा पुण्याला निघालाय हे विसरून माझ्याच डब्याखालचा रूळ न्याहाळत बसले. मायनं लाडवांचा डबा खिडकीतून आत सारला आणि डोळे पुसले. पोचलो की फोन करतो, म्हटलं. अण्णा म्हणाले, "न्हाई केला तरी चालंल. गाडी पोचली का न्हाई ते मला कळतंच."

त्याआधी मला डॉक्टर करायला लातूरला ठेवलं होतं. लातूरला गेलेला पोरगा डॉक्टर होऊनच येतो, असा आमच्या गल्लीचा पक्का समज होता. तो मी एकट्यानं मोडला. मग नांदेडला बी.एस्सी. आणि पुढं पुण्यात पीएच.डी. नावाआधी डॉक्टर लागलं तशी गल्लीनं आपल्या समजाची डागडुजी करून घेतली. आता सुट्टीत गेलो की लोक गळवं दाखवायला येतात. मी गंभीर चेहरा करून सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवतो. आजवर माझ्या हातून कुणी दगावलेलं नाही.

माझं खरं काम वेगळंच आहे. रक्तात साखर जास्त दिवस राहिली की ती शरीरातल्या प्रथिनांना चिकटते. प्रथिनं कडक होतात, तांबूस पडतात, कामातून जातात. मग डोळे, मूत्रपिंडं, पायाच्या नसा असं एकेक खराब होत जातं. हे नुकसान दुखणं दिसायच्या आधी कसं ओळखायचं, ते आम्ही शोधतो. मायला कळावं म्हणून मी सांगितलं, साखर घालून दूध आटवलं की लालसर होतं ना, तसंच काहीसं. ती म्हणाली, "म्हंजे पुण्यात तू रगताची बासुंदी करून राहिलास?" माझ्या प्रबंधाचा इतका नेमका सारांश परीक्षकांनाही जमला नव्हता.

अण्णांना साखर निघाली ती निवृत्तीच्या वर्षी. मग मी कसला सोडतो! फोनवर रोज प्रवचन. चहा फिका घ्या, भात कमी करा. एका सुट्टीत तर मी त्यांना तळव्यांची तपासणीही शिकवली. तिच्यासाठी नायलॉनचा खास धागा असतो, आमच्याकडं केरसुणी होती. डोळे मिटायचे, दुसऱ्यानं काडीचं टोक तळव्याला अलगद टेकवायचं, लागलं की 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं. जिथं कळत नाही तिथली नस सुस्तावली. हे सगळं मी तोंडात मायचा लाडू असताना सांगत होतो. अण्णांनी मात्र ते मनावर घेतलं. तेव्हापासून मायच्या हाती काडी, आणि रोज सकाळी रुळाइतकीच कडक तपासणी.

आता माझा पराक्रम ऐका. आमच्या प्रयोगात मधुमेह असलेल्यांच्या रक्ताशेजारी तुलनेला एका निरोगी माणसाचं रक्त लागतं. त्यासाठी बाहेर कशाला हिंडायचं? मी होतोच की. नळीवर 'निरोगी' अशी चिठ्ठी चिकटवली. दर खेपेला नेमकी तीच नळी बिघडलेली निघायची. मी रसायनं बदलली, फ्रीजला शिव्या घातल्या, पुण्याच्या पाण्यावरही संशय घेतला. शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी शांतपणे विचारलं, "हा तुमचा निरोगी माणूस कोण?" मी हात वर केला. माझ्या दुसऱ्या हातात त्या दिवसाचा चौथा गोड चहा होता. मॅडम म्हणाल्या, "फ्रीजला माफ करा आणि उद्या डॉक्टरकडे जा. खऱ्या."

खऱ्या डॉक्टरनं चिठ्ठी बदलली.

घरी कळवलं नाही. दिवाळीला काम निघालं, संक्रांतीलाही निघालं. इतकी वर्षं प्रवचन देऊन आता कोणत्या तोंडानं सांगायचं, ही लाज होतीच. पण आत एक भीती होती. आंघोळीचं गरम पाणी डाव्या पायाला जरा उशिरा कळायला लागलं होतं. लोकांच्या नसांवर पेपर लिहिणारा मी स्वतःच्या पायाला काडी लावायला भीत होतो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेलेत, त्यांना माहीत असेल, घरी न जायची कारणं नेहमी फार कामाची दिसतात.

शेवटी गेलो. वाकून पाया पडलो. मायनं चहा आणला, मी फिका मागितला. तेवढ्यानंच अण्णांना कळलं. काही न विचारता त्यांनी केरसुणीची काडी मोडून आणली. "पाय इकडं कर."

ज्यांच्या पायांना हात लावायचा त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचे? मी पाय ओढून घेतला. अण्णा म्हणाले, "रूळ काय लाजतो का?"

डोळे मिटले. हाव. हाव. हाव. मग काहीच नाही. बराच वेळ. डोळे उघडले तर काडी डाव्या अंगठ्याला टेकून वाकली होती. शेजारी नव्या चपलेनं सोललेलं होतं, रक्त वाळलं होतं. मला पत्ताच नव्हता.

पुढं काय काय होऊ शकतं ते मला त्या गल्लीत सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तरी लहान पोरासारखं विचारलं, "अण्णा, आता?"

कमजोर रुळावरून गाडी हळू न्यायच्या हुकमाला रेल्वेत कॉशन म्हणतात. अण्णा जखम धुता धुता म्हणाले, "रूळ कमजोर झाला म्हणून गाडी बंद करत न्हाईत. तेवढ्या तुकड्याला कॉशन लावायचं, हळू काढायची. अन् रोज बघायचं."

माय आतून बोललीच, "लोकायची बासुंदी ढवळत बसला, अन् आपली उतू गेली."

गावाकडचे तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं मानतोस, पुण्याचं का इथलं? मला एवढंच कळतं, की पुण्यात मी लोकांना बूट दाखवतो. तळवे उघडे करून दाखवावेत अशी जागा एकच आहे.

परतीच्या दिवशी मायनं तोच लाडवांचा डबा खिडकीतून आत दिला. उघडला, तर आत केरसुणीच्या काड्या, सारख्या कापून दोऱ्यानं बांधलेल्या. अण्णा फलाटावर उभे होते. या खेपेला रुळाकडं बघत नव्हते.

"पोचला की फोन कर," ते म्हणाले. "पाय दाखव."

मी म्हटलं, गाडी पोचल्याचं तर तुम्हाला कळतंच.

"गाडीचं कळतं. तुझं न्हाई कळत."