लिंबायतचे अकरा जण आणि ओहोटी

एकट्यानं किनारा चालला की फोटो जमतात. सुरतच्या लिंबायत या कामगारवस्तीतल्या अकरा जणांना घेऊन चाललं की किस्से जमतात. माझ्याकडे चार रविवारांतच एवढे साठले आहेत की कोणी नुसतं "काय गं, कसं चाललंय?" विचारलं तरी अर्धा तास जातो.

स्कॉटलंडमध्ये किनाऱ्यांचा अभ्यास करताना मी ठरवून टाकलं होतं: सुरतला परत जायचं आणि आपल्या माणसांना आपला किनारा पायी दाखवायचा. डोळ्यांसमोर चित्र होतं. एका ओळीत शांतपणे चालणारी माणसं, पाठीवर हलक्या पिशव्या, पक्षी दिसला की थबकणारी. प्रत्यक्षात हजिऱ्याकडच्या किनाऱ्यावर टेम्पो थांबला तेव्हा आधी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचे डबे उतरले, मग चटया, मग गॅसची शेगडी आणि शेवटी माणसं.

माझी आई लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात बॉबिनवर सूत भरते. तिनं आधीच बजावलं होतं, "एकालाही काही झालं, तर हे चालणं बंद. मग इच्छापोरला एखाद्या कंपनीत नोकरी बघायची." मला तर हेच काम आयुष्यभर करायचं होतं. मी मान डोलावली. लक्ष ठेवायला म्हणून तीही सोबत आली.

*

पहिल्या रविवारी ओहोटी होती. आमच्या इथं समुद्र मागे सरकतो तो दिसेनासा होईपर्यंत. समोर नुसता चिखल.

आई कपाळावर हात धरून समुद्र कुठे दिसतो का बघत राहिली. "पोरी, समुद्र कथा शे?"

मी चंद्र, गुरुत्वाकर्षण, आखाताचा आकार सगळं समजावलं. दगडूकाका, आईच्याच कारखान्यात तीस वर्षं लूम चालवणारे, शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एवढं कशाला, पोरी? रविवार आहे. त्यालाही सुट्टी असेल."

*

वाटेत एका ठिकाणी लाटांनी जमीन खाऊन सरळ उभी भिंत झाली आहे, दोन पुरुष उंच. मी आदल्या दिवशी ग्रुपवर लिहिलं होतं, "उद्या आपण कड्यावरून चालणार आहोत. घाबरू नका, मी आहे."

सातपुड्याच्या पायथ्याशी वाढलेली ती माणसं कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकून बघू लागली.

"कडा कुठे आहे?" दगडूकाकांनी विचारलं.

"हाच."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चांगला आहे. आमच्याकडे याला बांध म्हणतात."

*

पुढे दलदल, तिवरांची झाडं आणि त्यापलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा. मी सगळ्यांना खाली बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. इथं शिंकायचंसुद्धा नाही.

दगडूकाकांनी दुर्बीण लावली आणि लूमवाल्यांच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "गुलाबी आहेत की हो."

थवा उडाला. तो नाहीसा होईपर्यंत काकांनी दुर्बीण खाली घेतली नाही.

"मी हळूच बोललो होतो," काका म्हणाले.

*

सुरूच्या बनात मी त्यांना डोळे मिटून बसायला सांगितलं. पाच मिनिटं फक्त झाडांतला वारा ऐकायचा. परदेशात यासाठी वर्ग भरतात.

पाच मिनिटांनी मी म्हटलं, "आता सावकाश डोळे उघडा." कोणीच उघडले नाहीत. रात्रपाळीवाले चौघं तर सुरूच्या पात्यांवर आडवे होऊन घोरत होते.

मी उठवायला निघाले तर आईनं हात धरला. "खोलीत पत्रा तापतो, दिवसा यांना झोप लागत नाही. झोपू दे. तुझी विद्या चांगली आहे."

दीड तास आम्ही पहारा दिला.

*

चौथ्या रविवारी पहिल्यांदाच खाडीचा ओहळ ओलांडायचा होता. फोनवर भरती-ओहोटीची वेळ बघून मी जाहीर केलं, "पाऊण वाजेपर्यंत पाणी उतरत राहणार." घोट्याएवढं पाणी होतं. सात जण आणि मी पलीकडे गेलो. आई आणि तीन बायका डबे आवरत मागे राहिल्या.

मागे वळून बघितलं तर पाणी वाढत होतं. फोन पुन्हा काढला. त्या ॲपमधलं घड्याळ अजून स्कॉटलंडचं होतं. तिथली पाऊण म्हणजे इथली संध्याकाळची ओहोटी; आत्ता मधली भरती चालू होती.

तोवर आईनं पातळ खोचून पाण्यात पाय घातला होता. मी ओरडले. वारा समुद्राकडून, आवाज जाईना. शिटी मारली. आईला वाटलं मी बोलावतेय. ती हसून हात हलवत आणखी पुढे आली. पाणी गुडघ्याला लागलं.

दगडूकाकांनी मला बाजूला केलं आणि हात उंच करून मूठ आवळली. आई होती तिथंच थांबली. काकांनी तळवा मागे ढकलला, बोट हवेत गोल फिरवलं. लूमच्या खडखडाटात दिवसभर असंच बोलतात ती दोघं. मला यातलं अक्षर कळत नव्हतं. आई वळली, बायकांना घेऊन बांधावर चढली आणि तिथून तिनं भराभर हात हलवले.

"काय म्हणते?" मला रडू फुटत होतं.

"म्हणते, रस्त्यावरून फिरून येतो," काका हसायला लागले. "आणि म्हणते, डबे आमच्याकडे आहेत. तुम्ही बसा उपाशी."

मी वाळूत बसले आणि रडता रडता हसले.

तासाभरानं टेम्पोतून चौघी उतरल्या. मी आईला घड्याळाचं सांगितलं. तिनं भाकरीवर भरीत घातलं आणि म्हणाली, "आधी जेव."

घरी आल्यावरही ती 'बंद' म्हणाली नाही. 'चालू' असंही म्हणाली नाही.

सोमवारी सकाळी ती कामावर निघाल्यावर मी ग्रुपवर लिहिलं: "काल पाणी लवकर आलं, असं नव्हतं. मी वेळ चुकीची वाचली. येत्या रविवारी यायचं की नाही, तुम्ही ठरवा. आलात तर पुढे आई चालेल. मी सगळ्यात मागे, तिच्या हाताची खूण दिसेल एवढ्या अंतरावर."