इंजिन माझं, टर्बो त्याचा

आमच्या दारात एक ट्रक बारा वर्षं उभा होता. ट्रक हे आपलं माझ्या समाधानासाठी म्हणायचं. हौद्याच्या फळ्या चुलीत गेल्या होत्या आणि केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालत होत्या. शाबूत होतं ते फक्त इंजिन. सहा सिलिंडरचं, डिझेलचं, वडिलांच्या हातचं.

वडील फार बोलत नसत. गंगाखेडच्या कारखान्यावर ऊस टाकून ते परत आले, की फाट्यावरूनच इंजिनाचा आवाज यायचा आणि आई तवा चुलीवर ठेवायची. तो आवाज हेच त्यांचं बोलणं. त्यामुळे ते गेल्यावर शेताची वाटणी मी मुकाट्यानं मान्य केली, पण इंजिनाला कुणाला हात लावू दिला नाही. भावांनीही फार आग्रह धरला नाही. खरं म्हणजे कुणाला ते नकोच होतं, पण मी घरात ते भांडून मिळवल्यासारखं सांगत असे.

बायकोला त्या जागेवर गोठा बांधायचा होता. बारा वर्षं तिनं माझं ऐकलं आणि तेराव्या वर्षी निकाल दिला.

"ह्या साली पटात पळवा. पहिल्या तिनात आलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई आलं तर भंगारवाला. बोला."

बायकोनं 'बोला' म्हटल्यावर नवऱ्यानं जे बोलायचं असतं, तेच मी बोललो.

पट म्हणजे बैलांची सरळ रेषेतली शर्यत, हे आमच्याकडं सांगावं लागत नाही. हल्ली बैल पळून झाले की दुपारी त्याच पट्टीवर मशिनी पळतात. ट्रॅक्टर, जुन्या जीपा, बॉडी काढून टाकलेले ट्रकचे नुसते सांगाडे. निशाण पडलं की सुटायचं आणि समोरच्या निशाणापर्यंत सरळ जायचं. वळायचं नाही, हीच त्यातल्या त्यात माझ्यासारख्याची सोय.

फाट्यावर माझ्या मित्राचं गॅरेज आहे. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी नापास होत होत शिकलो आणि तो पास होऊनही पाना हातात घेऊन बसला. त्यानं माझ्या इंजिनाला कान लावला, डॉक्टरसारखा.

"गड्या, दम लागायलाय ह्याला. असं न्हाई पळायचं. टर्बो लावू."

टर्बो म्हणजे काय, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. तिसऱ्यांदा मी म्हणालो, "म्हणजे माणसाच्या धापेनंच त्याला वारा घालायचा." तो म्हणाला, "तू फक्त बॅटरी धर."

टर्बो त्याच्याकडं होता. कुठल्याशा अपघातातल्या ट्रकचा काढून त्यानं बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कित्येक वर्षं माळ्यावर ठेवला होता. घरात लेकीचे दागिने ठेवावेत तसा. आम्ही महिनाभर खपलो. म्हणजे तो खपला आणि मी बॅटरी धरून 'बरोबर, बरोबर' म्हणत राहिलो. धूर बाहेर नेणारं जुनं बिडाचं मॅनिफोल्ड त्यानं काढलं. टर्बो बसेल असं नवं बनवायला आधी कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा नमुना कापला, मग पाइप तोडून वेल्डिंग केलं. टर्बोला तेल जायला नळी, तेल परत चेंबरमध्ये पडायला दुसरी नळी. डिझेलचा पंप वाढवला. जुनं मॅनिफोल्ड मी आमच्या वैरणीच्या खोलीत टाकून दिलं. केबिन कापून काढली, कोंबड्यांची सोय बघितली आणि ड्रायव्हरच्या जागी मांडवातली लोखंडी खुर्ची ठोकली.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आधी वडिलांचा आवाज आला. मग मित्रानं ॲक्सिलरेटर दाबला आणि त्या आवाजातून एक बारीक शिट्टी वर चढत गेली. मित्र पंजानं तोंड पुसत होता. डोळे पुसले असं दिसू नये म्हणून अख्खं तोंड.

"एवढं बेस काम मी आयुष्यात केलं न्हाई," तो म्हणाला. "लोकांच्या गाड्या दुरुस्त करण्यात उमर गेली. गाडी पळाली की मालकाचं नाव, बंद पडली की मिस्त्रीचं."

हे वाक्य मला लागलं. आणि मला काही लागलं की मी उदार होतो. हा माझा जुना रोग आहे.

नाव नोंदवायला आम्ही दोघं गेलो. वहीवर एक म्हातारे बैलवाले बसले होते. पटाच्या जोडीत बरेचदा एक बैल एकाचा नि दुसरा दुसऱ्याचा असतो, म्हणून ते सवयीनं म्हणाले, "उजवा कुणाचा, डावा कुणाचा?" सगळे हसले.

"ह्याच्या एकट्याच्याच नावावर लिवा, काका," मित्र म्हणाला.

"छे छे!" मी म्हणालो. "इंजिन माझं, टर्बो ह्याचा. दोन्ही नावं लिवा."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "इचार करून सांगा. दोन नावं लिवली की जोडीचा कायदा लागल."

जोडीचा कायदा आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. निशाण पडेपर्यंत बैल ज्याचा त्याचा. कुणीही आपला बैल सोडून दुसऱ्याच्या जोडीला जुंपू शकतो, कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. पण बैल पळून जातो, लोखंड कुठं जाणार? शिवाय चारचौघांत उदारपणा मागं घ्यायचा म्हणजे आणलेला आहेर परत नेण्यासारखं.

"लागू द्या," मी म्हणालो. मित्रानं मान फिरवली. तेव्हा मला वाटलं, त्याला गहिवरून आलंय.

पटाच्या दिवशी सकाळीच आम्ही सांगाडा मैदानावर नेऊन उभा केला. बैलांचा पट चालू होता, मशिनींना अवकाश होता. मी मोटारसायकलवर बायकोला आणायला घरी आलो. तिनं नवी साडी नेसली होती. मी हरलो तरी गोठा आणि जिंकलो तरी मान, तिचं दोन्हीकडून बरंच होतं. डब्यात तिनं मित्रासाठी ठेचा जादा घेतला. निघेपर्यंत दुपार झाली. वैरणीच्या खोलीचं दार उघडं दिसलं, तेव्हा मी शेरडावर संशय घेतला.

मैदानावर परत आलो तर मित्र नव्हता. सांगाडा जागेवर होता. मी कौतुकानं बायकोला म्हणालो, "हे बघ, इथं टर्बो आहे," आणि बोट दाखवलं, तिथं टर्बो नव्हता.

तिथं जुनं मॅनिफोल्ड बसवलेलं होतं. आमच्या वैरणीच्या खोलीतलं. नीट घासून, नवं गॅस्केट घालून, सगळे नट सारखे आवळून. तेलाच्या नळीची तोंडं बोल्टानं बंद केलेली. कुठं थेंबसुद्धा गळत नव्हता. चोरानं घर लुटून जाताना झाडूनपुसून जावं, तसं. मला राग यायला वेळ लागला, कारण काम फार चांगलं होतं.

मग पलीकडून शिट्टी आली. बारीक, वर चढत जाणारी. गर्दीत पोटचं पोर रडलं की आईला कळतं म्हणतात. मला ती शिट्टी कळली. गंगाखेडच्या एका बागायतदाराचा सांगाडा होता. इंजिन आमच्याच जातीचं, सहा सिलिंडरचंच, पण कितीतरी नवं. आणि त्याच्यावर वाकून माझा मित्र शेवटचा नट आवळत होता.

"अरे," मी म्हणालो.

त्यानं वर बघितलं नाही. "जोडी बदलली. कायद्यात हाय."

"कवा ठरलं हे?"

"आठ दिवस झाले."

म्हणजे आठ दिवस मी बॅटरी धरत होतो.

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर सोडला असतास का टर्बो?" आता त्यानं बघितलं. "तुझं इंजिन म्हातारं हाय गड्या. ह्या दाबाला हेड गॅस्केट अर्ध्यात उडलं असतं. माझं काम पुन्हा कुणाला दिसलंच नसतं. एकदा, एकदाच भोंग्यावर माझं नाव येऊ दे की."

"आणि माझं इंजिन? उद्या भंगारवाला येणार, हे तुला ठावं न्हाई?"

तो परत नटावर वाकला. बायको माझ्या मागं उभी होती. तिनं ठेच्याचा डबा परत पिशवीत घातला.

मी पळवायला नको होतं. पण नाव पुकारलं गेलं आणि मी जाऊन त्या मांडवाच्या खुर्चीवर बसलो. निशाण पडलं. मी ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला. डिझेलचा पंप टर्बोच्या हिशोबानं वाढवलेला होता, तो तसाच. नट आवळणाऱ्याच्या एवढं एकच लक्षात राहिलं नव्हतं. डिझेल भरपूर आणि हवा नाही. त्या इंजिनानं असा काळा धूर सोडला, की उजवीकडची सगळी गर्दी दिसेनाशी झाली. पांढरे कपडे घालून पुढच्या रांगेत बसलेली मंडळी कोळशाच्या खाणीतून आल्यासारखी उठली. लोक पोट धरून हसत होते. मीही हसलो असतो, पण माझा बाप खोकत होता.

खालून दुसरा नंबर आला. खालून पहिल्याचं चाक निघालं होतं.

बागायतदाराची मशीन पहिली आली. भोंग्यावर मित्राचं नाव तीनदा पुकारलं. तो गुलाल घेऊन माझ्याकडं आला आणि माझ्या कपाळाला लावायला हात पुढं केला. मी मान मागं घेतली. गुलाल माझ्या शर्टावर पडला.

घरी येताना बायको मोटारसायकलवर मागून म्हणाली, "ही हार मी धरत न्हाई. ऱ्हाऊ द्या ते इंजिन. गोठा पल्याड बांधू."

बारा वर्षं जे ऐकायला मी तडफडत होतो, ते असं फुकट मिळालं. मी हूं म्हणालो आणि रात्री सांगाडा ट्रॅक्टरनं ओढून परत दारात आणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र पिकअप घेऊन दारात. भंगाराचं त्याच्या डोक्यात होतंच.

"भंगारात कामून घालतोस? मला दे," तो म्हणाला. "हेड उतरवतो, नवे रिंग-पिस्टन टाकतो. जोडी परत लावू. तुझं नाव पहिलं लिवू."

तो मनापासून बोलत होता, हीच अडचण. त्याच्याकडं ते इंजिन चाललं असतं. कदाचित माझ्यापेक्षा चांगलं चाललं असतं. फाट्यावरून तो आवाज पुन्हा आला असता. आणि इंजिन आता भंगारात जाणार नाही, ठरलं आहे, एवढं एक वाक्य मी बोललो असतो तरी विषय संपला असता.

मी खिशातून फोन काढला आणि त्याच्यासमोर भंगारवाल्याला बोलावलं.

बायकोनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि ती आत गेली.

भंगारवाल्याची माणसं आली आणि घणच घालायला लागली. दोन घाव मित्रानं सोसले. मग तो पुढं गेला, "सरका, असं न्हाई काढत," म्हणाला आणि आपल्या पान्यानं एकेक बोल्ट सोडवत बसला. सोडवलेला प्रत्येक बोल्ट पुसून कडेला ठेवत होता. ती माणसं बिडी ओढत बघत राहिली. मी ओट्यावर बसून होतो. 'थांब' म्हणायला अजून वेळ होता. शेवटचा बोल्ट निघेपर्यंत वेळ होता. मी म्हणालो नाही.

टेम्पो गेल्यावर तो पाना पुसत उभा राहिला, हातातलं तेल पँटला लागत होतं. काहीतरी बोलेल म्हणून मी आत गेलो.

ह्याला दीड वर्ष झालं. माझी मोटारसायकल मागच्या महिन्यात फाट्याच्या अलीकडं पंक्चर झाली. तो दुकानाबाहेरच बसला होता, हवेची नळी शेजारी. गाडी बघून उठला. मी त्याच्यासमोरून गाडी ढकलत तशीच पुढं पालम गावापर्यंत नेली. बायकोला सांगितलं, फाट्यावरचं दुकान बंद होतं.