शिऱ्याचा टोप

भाईंदर पूर्वेला एका गाळ्यात आम्ही सासू-सुना कामाला होतो. खोट्या दागिन्यांचं काम. पितळेची कानातली तारेला ओवायची, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यांचा तेलकटपणा काढायचा, मग आतला कारागीर त्यावर सोन्याचं पाणी चढवायचा. कॉस्टिकसाठी लोखंडी टाकी होती. मी लागले तेव्हापासून तीच.

एक दिवस ती गळायला लागली. लग्नसराईचा माल पडलेला. शेठ म्हणाला, "काम बंद नहीं होना चाहिए. ऊपर से वो टोप निकालो."

टोप म्हणजे जर्मनचा, तुम्ही ॲल्युमिनियम म्हणता तो. दर श्रावणात गाळ्यात सत्यनारायण व्हायचा, त्याचा शिरा ह्यात. एवढा शिरा खदखदतो, त्याला काय होणार, सगळ्यांना असंच वाटलं. सून हसून म्हणाली, "आई, आज कॉस्टिकचा शिरा. बेदाणे टाकू?"

"टाक. आणि पहिला घास शेठला दे."

तिने गरम पाण्यात कॉस्टिकच्या पापड्या ओतल्या. जरा वेळ काहीच नाही. मग बारीक बुडबुडे आले, टोप आतून काळा पडला, आणि दूध उतू जातं तसा फेस उसळला. ती वाकून बघत होती. उडालं ते सगळं डोळ्यांत.

नळाला पाणी नव्हतं. आमच्याकडे तेव्हा एक दिवसाआड यायचं. पिंपाच्या तळाला होतं ते मी मगाने ओतत राहिले. ती ओरडत होती, "आई, अजून ओता, अजून!" पिंप आडवं केलं. तेपण संपलं. मग रिक्षा.

दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधली. डॉक्टर म्हणाले, पट्टी काढल्यावरच कळेल दिसतं की नाही. तोवर मी तिला भरवायचे, न्हाऊ घालायचे. मुलगा कामावरून यायचा, भिंतीला टेकून बसायचा. नात दहावीला होती. आईला करमावं म्हणून तिच्यापाशी बसून मोठ्याने अभ्यास करायची.

एकदा धातूंचा धडा चालला होता. कुठला धातू लवकर पेट घेतो, कुठला ढिम्म राहतो, अशी वरून खाली ओळच होती त्यात.

सून मधेच म्हणाली, "सोनं कुठेय गं?"

"अगदी खाली, मम्मी. ते कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"आणि जर्मन?"

पोरीने ओळीवरून बोट वर नेलं. म्हणाली, "वरती. लोखंडाच्याही वर."

मी विचारलं, "असं का गं? सगळे धातूच ना?"

"आजी, धातूच्या कणात बाहेरच्या बाजूला आणखी बारीक कण असतात. सोनं ते घट्ट धरून ठेवतं. ॲल्युमिनियम चटकन सोडतं, आणि सोडलं की दुसऱ्याशी जुळतं."

"मग आपण रोज भात शिजवतो त्या टोपाला काही का होत नाही?"

"हवा लागली की त्याच्यावर पातळ साल धरतं. दिसत नाही, पण तेच त्याला सांभाळतं. कॉस्टिक ते साल खातं. मग आतला धातू उघडा पडतो. लोखंडाला कॉस्टिक तसं काही करत नाही."

एवढी वर्षं आम्ही पितळेला सोन्याचं साल चढवत होतो. टोपालाही साल असतं हे कुणाला ठाऊक?

सून पट्टीवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे टोप पहिल्यांदा गप्प होता, तेव्हा ते साल जात होतं. आणि मी वाकून बघतेय, काही होत का नाही म्हणून."

नातीने पुस्तक मिटलं. सून म्हणाली, "वाच गं. परीक्षा आहे तुझी."

पट्टी निघाली. उजव्याने दिसलं. डावा पांढरा पडला तो पडलाच.

गणपती झाल्यावर ती परत कामाला आली. घरात बसून चालणार नव्हतं. शेठने नवी लोखंडी टाकी आणलेली. तो टोप भंगारात गेला. पूर्वी मी तिच्या समोर बसायचे, आता डाव्या बाजूला बसते. तिकडून कोण गरम काही घेऊन आलं तर तिला दिसत नाही. तार संपली की ती न बघताच हात पुढे करते, मी दुसरी देते.